रविवारचा रोहू

— अरे, जाळं ठेव खाली, तपन! आल्याबरोबर पाण्यात उतरतोस? चहा टाकलाय, तो पी अगोदर. मासे काय पळून चाललेत सालवड गावातून? काय बोलतोस — आजच पायजे? उद्या पोरीचं उष्टावण, नि तुमा बंगाल्यांत पहिला घास माशाचा? अगं बाई! मंग आदी बोलायचं ना. बोललेलास? असेल, बोलला असशील. तुजं ते हिंदी निम्मं माज्या डोक्यावरून जातं.

पण खरं सांग, ह्या माशाला चव तरी हाय? आमी दातिवऱ्याची माणसं, बोंबील-पापलेटावर वाढलेली — तळ्यातला मासा आमाला चिखलासारखा वास मारतो. आमच्या म्हाताऱ्याला तर सगळा गाव हसलेला — होडी विकली, कंपनीत वॉचमन झाला, नि आता घरामागं खड्डा खणून मासे पाळतोय! मी पण हसले. बोलले, समुद्र सोडून ह्या डबक्याशी काय खेळ मांडलाय? ते आपले ड्युटीवरून आले की कोंडा नि पेंड कालवायचे, काठावर बसून राहायचे. रोहूची बोटाएवढी पिल्लं आणलेली त्यांनी — बघ आता, कशी माजलीत! ते गेले नि ही पडली माज्या गळ्यात. ढगाळ सकाळी वर येऊन तोंडं उघडतात, जीव गुदमरतो बिचाऱ्यांचा — मंग मी बसते काठीनं पाणी बडवत, घागरीघागरीनं वरून ओतत. शेजारीण बोलते, म्हातारीला वेड लागलंय. लागूदे! घरात बोलायला माज्याशी हाय कोण? वामन विरारला, सून विरारला. ही मेली निदान वाटी वाजवली की येतात तरी. लेकाला काय वाजवून बोलवू?

तो बघ — काळसर पाठीचा, आला वर! तो नको हं. तो त्यांचा लाडका. त्यांच्या हातातून खायचा. दुसरा? दुसरे लहान हायत अजून. काय? मागल्या रविवारी पण लहानच बोललेले? त्याच्या आदी पाणी गढूळ बोलले, त्याच्या आदी माशांना अंडी हायत बोलले... सगळं बरं लक्षात ठेवतोस रे! हो, बोलले खोटं. बोलले! मासा दिला असता पहिल्याच दिवशी, तर तू परत आला असतास? ह्या म्हातारीच्या हातचा चहा प्यायला? मावशी-मावशी करायला —

असा बघू नकोस माज्याकडं. आलं तोंडातून, गेलं.

टाक जाळं. टाक बोलते ना! तोच घे, काळसर पाठीचा. पोरीच्या ओठाला पहिल्यांदा लागायचाय, हडकुळा कशाला नेतोस? हळू — डावीकडनं घे, त्याला घाबरवू नको — आता ओढ, ओढ! आला. आई गं, केवढा झालाय... त्यांनी बघायला पायजे होता. पाटीत घाल, ओलं फडकं टाक वरून. नाय, मला नको दाखवू परत.

मी येऊ उष्टावणाला? नको रे बाबा. तुमच्या त्या चाळीत मी कुणाशी बोलणार? पोरीला बघायचं हाय, पण — जाऊदे. पुढल्या रविवारी तू... नको, येतो बोलू नकोस. वामन पण दर खेपेला येतो बोलूनच जातो. जा आता, ऊन चढतंय, मासा खराब होईल.