धरणाच्या पायथ्याची वाट

ऐका. शेकोटीत काटक्या टाका आणि जवळ सरका. आपल्या बेलओहळ गावाच्या वर, पूर अडवायला बांधलेलं मातीचं धरण होतं ना, त्याची ही गोष्ट.

पोतनीस म्हणून इंजिनियर होते. माणूस वाईट नव्हता. पण पावसाळ्याआधी धरण पायथ्यानं चालून तपासायचं असतं, ते त्यांनी त्या वर्षी जीपमधूनच पाहिलं. पुढं पाऊस लागला तो थांबेना. पाणी चढलं. पोतनिसांना घरात बसवेना. अंधार पडला तरी बॅटरी घेऊन एकटेच निघाले.

पायथ्याच्या वाटेला लागले, तर पुढं एक कंदील. चालतोय, थांबतोय. "कोण आहे?" म्हणत जवळ जावं तर कंदील तेवढाच लांब. मग बॅटरी गेली. मग बायकोचा आवाज, "अहो, इकडं या, इकडं ओलं आहे." बायको तर तालुक्याला, घरी. पोतनिसांना जायचं नव्हतं, बरं का. पण पाय त्या आवाजाकडंच चालले.

पाय चिखलात रुतला. कंदील विझला. आणि थंडगार हातानं त्यांचं मनगट धरलं, खाली वाकवलं, दंडापर्यंत हात धरणाच्या पोटात खुपसला. आतून पाणी ढकलत होतं. वीज चमकली तेव्हा दिसलं, पाणी गढूळ. म्हणजे धरणाची माती आतून वाहून चाललेली.

"दाबून धर. सोडू नको."

तेव्हा त्यांनी ओळखलं. हा भिकाजी मुकादम. मागं एकदा इथंच असं भोक पडलं होतं. भिकाजी माणसं आणायला गेला, वाटेत कुणाच्या ओट्यावर जरा टेकला, डोळा लागला. उशिरा परत आला आणि ढासळलेल्या मातीखाली गेला. पोतनिसांनी हे ऐकलेलं होतं.

"भिकाजी, सोड. गावाला उठवून येतो."

"मीही असंच सांगून गेलो होतो."

पोतनीस रडायला लागले. "उन्हाळ्यात मी इथं उतरलोच नाही रे. उतरलो असतो तर घुशीचं बीळ दिसलं असतं, तेव्हाच बुजवलं असतं. आता हातानं हे थांबायचं नाही. माणसं तरी वाचू दे."

मग पकड सुटली.

धावले. पडले, उठले, परत धावले. दारं बडवली. सगळा गाव टेकाडावर चढला, आणि पहाटे धरण गेलं. माणूस एकही गेला नाही. पण घरं, गोठे, खाचरं, सगळं वाहून गेलं. खालच्या शिवारात अजून नुसती वाळू आहे.

चौकशीत पोतनिसांनी सगळं स्वतःहून सांगितलं. नोकरी गेली. लोक म्हणायचे, साहेब, तुमच्यामुळं वाचलो. ते मान खाली घालायचे. म्हणायचे, "मी वेळेवर आलो असतो तर तुमची घरं असती."

म्हणून सांगतो, त्या वाटेनं रात्री जाऊ नका. अजून कुणीतरी मनगट धरतं तिथं. पण वर नवं धरण झालंय, त्याच्या पायथ्याला दिवसाउजेडी जात जा. कुठं बीळ दिसलं, ओल दिसली, तर त्याच पावली जाऊन सांगा. आणि ऐकणारा उठून येईपर्यंत त्याच्या दारातून हलू नका.