उजव्या दिव्यातलं पाणी

सासरे : ...म्हणून सांगतो, या जगात पाण्याला दोघेच ओळखतात. एक मासा आणि दुसरा मी. उभी हयात पाणीपुरवठा खात्यात काढली. कुठलंही पाणी दाखव. कुठून आलं आणि कुठे जाणार, डोळे मिटून सांगेन.

सासू : मग आता डोळे उघडून सांगा. जावईबापूंच्या गाडीच्या या दिव्यात ते कुठून आलं?

सासरे : दव आहे ते.

सासू : तळाशी बोटभर साचलंय, याला दव म्हणतात? मासा तेवढा सोडायचा राहिलाय.

सासरे : हळू बोल.

सासू : का? गाडीला ऐकू जातंय?

सासरे : जावई कुठल्याही क्षणी खाली येतील.

सासू : येऊ देत की, त्यांचीच गाडी आहे. तुम्ही मघापासून हिच्यापुढे ओणवे होऊन काय करताय ते सांगा. शेजारीण विचारत होती, काही हरवलंय का म्हणून.

सासरे : हरवलंय.

सासू : काय?

सासरे : तोंड दाखवायची सोय.

सासू : अहो, कोड्यात बोलू नका. काय करून ठेवलंत?

सासरे : मागच्या खेपेला दोन्ही दिव्यांत जराशी वाफ धरली होती. आंघोळीनंतर आरशावर धरते ना, तेवढीच. जावई म्हणाले, बाबा, हे काय असेल? आता मला कुणी पाण्याबद्दल विचारलं, की...

सासू : की ब्रह्मदेव आला तरी तुम्हाला थांबवू शकत नाही. पुढे?

सासरे : मागून हात घालून चाचपलं. दिव्याच्या पाठीला एक बारीक रबरी नळी. सताड उघडी. अगं, उघडी नळी बघून मला झोप लागेल का? गळतं ते बुजवायचं, एवढंच तर जन्मभर केलं. बेसिनला लावून उरलेलं सिलिकॉन होतं, ते दिलं ठासून.

सासू : जावयांना विचारलंत?

सासरे : ते आंघोळीला गेले होते. म्हटलं, बाहेर येईपर्यंत काम फत्ते.

सासू : आणि ती नळी होती कशाला?

सासरे : श्वास घ्यायला. दिवा तापला की आतली दमट हवा तिच्यातून बाहेर पडते आणि वाफ आपोआप उडते. गार झाला की तो पुन्हा हवा ओढतो. मी नाकच दाबल्यावर त्याने सांध्यातून ओल ओढली. आत यायला वाट मिळाली, बाहेर जायची मी बंद केली.

सासू : हे ज्ञान कधी झालं?

सासरे : आत्ता. डाव्या दिव्याकडे बघून.

सासू : त्याने काय सांगितलं?

सासरे : सिलिकॉन उजव्यातच संपलं होतं. डाव्याला मी हातही लावला नाही. बघ, कसा लख्ख आहे.

सासू : तुमचं सामान संपलं म्हणून बिचारीचा एक डोळा वाचला. आणि परवा त्या गॅरेजवाल्याला बोलून आलात ते?

सासरे : तेच तर खातंय.

सासू : घरी येऊन सांगत होतात, बल्ब बदलताना त्यानेच घोळ घातला, गिऱ्हाइकांसमोर उभा धुतला म्हणून. तो काय म्हणाला होता?

सासरे : त्याने हात जोडले. म्हणाला, साहेब, चूक झाली असेल माझ्याकडून.

सासू : आणि तुम्ही?

सासरे : मी म्हणालो, असेल नाही, झालीच आहे.

सासू : शाबास.

सासरे : ज्याची चूक नव्हती तो माफी मागून मोकळा झाला. ज्याची आहे तो इथे फडकं मारतोय. तेही बाहेरून.

(जावई उद्याच्या प्रवासाच्या दोन बॅगा गाडीत ठेवायला जिना उतरून येतो.)

जावई : बाबा, तुम्ही कशाला पुसताय? पाणी आतून आहे ते.

सासरे : जावईबापू, उद्या जरा उन्हं वर आल्यावर निघा की.

जावई : नाही हो जमणार. सकाळी नव्या ऑफिसला रुजू व्हायचंय. अंधारातच घाट उतरायला लागेल.

सासरे : घाटात धुकं असतं.

जावई : असणारच. हा उजवा नुसता धुरकट उजेड टाकतो, वळणावर काही दिसत नाही. पण डाव्यावर भागवू. बाळ झोपलेलं असेल, मी हळूच चालवीन.

सासू : अहो, बोला.

सासरे : काय बोलू?

जावई : काय झालं, आई?

सासू : मला नका विचारू. ज्यांना पाणी कळतं त्यांना विचारा.

जावई : विचारायचं काय, गॅरेजवाल्याचा घोळ बाबांनी बरोबर ओळखला. मी तर खालच्या मजल्यावरच्या काकांनाही सावध केलं. ते गाडी त्याच गॅरेजात टाकायला निघाले होते. म्हटलं, आमच्या सासऱ्यांनी स्वतः तपासलंय. तुमचं नाव ऐकलं आणि तिथूनच मागे फिरले.

सासरे : माझं नाव ऐकून?

जावई : हो. म्हणाले, त्यांचा शब्द म्हणजे प्रश्नच मिटला.

सासरे : जावईबापू, दिव्यात पाणी माझ्यामुळे साचलंय.

जावई : म्हणजे?

सासरे : मागची नळी मी बुजवली. मागच्या खेपेला, तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा. ती उघडीच असायला हवी होती. गॅरेजवाल्याचा काही दोष नाही.

सासू : बोला की, जावईबापू. रागवायचं तर रागवा, मी मध्ये पडणार नाही.

जावई : मी त्याला चोर म्हणालो, बाबा.

सासरे : तो शब्द माझा होता. तुम्ही नुसती मान डोलावलीत.

जावई : नाही. भामटा तुम्ही म्हणालात. चोर मी म्हणालो. तुम्ही शेजारी उभे होतात, म्हणून जोर चढला.

सासू : शिव्यांच्या वाटण्या मागाहून करा. आधी ती नळी मोकळी करा. माझी नात बसणार आहे या गाडीत.

सासरे : बॅटरी धरा जरा. अजून खाली. हं, हे बघा, आलं उपटून. कामात मात्र कसूर नव्हती, चांगलं घट्ट बसवलं होतं.

सासू : त्याचं कौतुक नको.

जावई : मागचं झाकणही काढतो, फडक्याने टिपून घेतो. केवढं पाणी आहे हो हे.

सासरे : दिवा लावून ठेवा. तापला की उरलेली वाफ निघून जाईल. निघण्याआधी एकदा भिंतीवर उजेड पाडून बघू. आणि गाडीही सुरू करा, गॅरेजात जायचंय.

जावई : आत्ता?

सासरे : आत्ताच. चारचौघांत बोललो, माफीही चारचौघांत मागणार. खालच्या काकांनाही मीच सांगेन. माणसाने चुकायला लाजू नये, जावईबापू. कबूल करायला तर मुळीच नाही.

सासू : मीही येते.

सासरे : तू कशाला?

सासू : चारचौघांत एखादा कमी पडला तर?

जावई : मीही उतरणार आहे, बाबा. माझा शब्द मलाच मागे घ्यायला हवा.

सासरे : बरं. बसा मग सगळे.

सासू : तुम्ही बसा आधी. दार धरून काय उभे राहिलात?

सासरे : बसलो. जावईबापू, गॅरेज बंद कधी होतं?

जावई : होईलच आता थोड्या वेळात. पण गाठू आपण, काळजी नको.

सासरे : काळजी कसली. जरा सावकाश चालवा.