प्रभुणे आणि वेल्श केक

आमच्या ऑफिसातले प्रभुणे शाकाहारी आहेत, हे तुम्हाला विचारावं लागत नाही. ते लिफ्टमध्येच सांगून टाकतात. मध्यंतरी आमच्या वेल्श साहेबाने, गॅरेथने, आम्हा दोघांना सिंगापुरातल्या पासिर रिस भागातल्या त्याच्या घरी जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोने, सियानने, खास प्रभुण्यांसाठी त्यांच्याकडचे बिनमांसाचे सॉसेज तळले होते. आत फक्त चीज, लीकची, म्हणजे कांद्याच्या जातीतली, पात आणि ब्रेडचा चुरा. मांस औषधालाही नाही.

"सॉसेज?" प्रभुण्यांनी ताटली ढकलली. "सॉरी मॅडम, वी आर व्हेरी स्ट्रिक्ट."

बिचारी समजावत राहिली. प्रभुणे माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ही माणसं काय वाट्टेल ते खपवतात. आपण फसायचं नसतं."

पण पोट रिकामंच होतं. नजर गेली गॅरेथच्या पुढ्यातल्या केकवर. तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले छोटे वेल्श केक. सियान "नो, नो, दे आर..." म्हणेपर्यंत दोन तोंडात गेलेसुद्धा.

"केक इज ओके, मॅडम!"

शेवटी तिनेही नाद सोडला. प्रभुण्यांनी पाच खाल्ले आणि वर बायकोसाठी रेसिपी मागितली. सियानने ती लिहून दिली.

परतताना एमआरटी मेट्रोत त्यांनी चिठ्ठी उघडली. "अहो, हे लार्ड म्हणजे काय?"

"डुकराची चरबी."

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "अंडं तरी नाही ना त्यात?"