सुनेची उदबत्ती

तुमी हसाल, पण मला वाटलं सूनबाई देवाला साकडं घालतीय.

सावेडीत तिचं शोभेच्या माशांचं दुकान हाय. मोठ्या टाकीत पंपातनं सारखे बुडबुडे येऊन पानी दुधागत झालं हुतं. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "असली टाकी मी नेनार न्हाई."

सुनेनं उदबत्ती पेटवली अन् पंपाच्या पायपाजवळ धरली. मी म्हणालो, "पोरी, पूजेनं पंप सुधरत न्हाई."

"तात्या, धूर बघा."

पायपाच्या एका जोडापाशी धूर आत ओढला जात हुता. हवा तिथनंच शिरत हुती. तिनं पंप थांबवून जोडाला टेप गुंडाळली, तो घट्ट आवळला अन् पंप चालू केला. जरा वेळानं पानी काचेगत नितळ झालं.

"नेतो टाकी," गिऱ्हाईक मला म्हणालं, "पण पुढं बिघडली तर फिटर कोन येईल?"

"फिटर तुमच्या म्होरंच उभी हाय की," मी म्हणालो. "आमची सून हाय."