डोकी जोडलेल्या बाहुल्या

युनश्या : डोकी काढा, फानसाहेब. एवढंच मागतेय. बाबांच्या बाहुल्या परत मागत नाहीये.

फान : युनश्याबाई, हे जिल्ह्याचं संग्रहालय आहे. बिनडोक्याचा सेनापती काचेत उभा केला, तर शाळेतली पोरं मला काय म्हणतील?

युनश्या : सावल्यांचा खेळ संपला की बाबा डोकी मानेतून उपसून वेगळ्या फडक्यात बांधायचे. नाहीतर रात्री बाहुल्या आपसांतच खेळ मांडतात.

फान : कारण साधं आहे. बाहुल्यांचं तासलेलं कातडं नाजूक असतं, डोकं जोडून ठेवलं की मान मोडते. भुतं त्याला नंतर चिकटली.

युनश्या : मग बाबा गातात कसे?

फान : पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली ना?

युनश्या : पाणीसुद्धा मागता येत नाही. पण तुम्ही हे दालन उघडलंत, तेव्हापासून अखंड गातायत. सेनापती आणि त्याची बायको, दोघांच्या आवाजात. राळ्याची पेज ओठांवरून ओघळते, गाणं थांबत नाही. दमून मरतील हो!

फान : मेंदूत बोलण्याची आणि गाण्याची केंद्रं सर्वस्वी एक नसतात. वाचा गेलेले रुग्ण गातात, हे नोंदलेलं आहे.

युनश्या : आणि नेमकी हीच दोघं काचेत आहेत, हे बाबांना कोणी सांगितलं? घरातलं कोणी इथे फिरकलेलं नाही. मीच आज पहिल्यांदा आलेय.

फान : ठीक. तपासून पाहू. त्यांच्याजवळ कोण आहे?

युनश्या : धाकटा भाऊ. फोन लावते.

फान : मी काय करतोय ते त्याला सांगू नका. फक्त ऐकायला सांगा.

(फान काचपेटी उघडून सेनापतीच्या बायकोचं डोकं अलगद उपसतो.)

युनश्या : बाबा गातायत का रे?... काय?... नीट ऐक, पुन्हा सांग.

फान : काय म्हणतो?

युनश्या : गातायत. पण नुसता सेनापती. बायकोची ओळ आली की तोंड उघडून थांबतात. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात. मग पुढचं गातात.

फान : योगायोग असू शकतो. एका निरीक्षणावरून काहीच सिद्ध होत नाही. सेनापतीचंही डोकं काढू, म्हणजे कळेल.

युनश्या : नको!

फान : अहो, मघापासून तुम्हीच तर मागत होतात.

युनश्या : हात मागे घ्या, साहेब. बाबांकडे आता हा एकच आवाज उरलाय.