भिंतीपलीकडचं बारसं

मंडळी, ऐका. आज कीर्तनात एकच विचारतो. माणसाला जास्त खोल कोण दुखावतं — वैर करणारा, की कीव करणारा? लगेच माना हलवू नका! पुढच्या काकांनी तर उत्तर ठरवूनसुद्धा टाकलं. थांबा, आधी सगुणाचं ऐका.

विट्याची शिंपी आळी. तिथं एका भिंतीला लागून दोन घरं. एका घरात सगुणा, दुसऱ्यात द्वारका. एकाच वैशाखात दोघी सुना होऊन आल्या. अन् नऊ वर्षं झाली, दोघींचीही कूस उजवली नाही! लोक काय म्हणायचे, ते मी कशाला सांगू, तुमच्यातलंच कुणीतरी म्हणत असेल. पण दोघी होत्या ना! सोमवारचा उपास जोडीनं धरायच्या, जोडीनं सोडायच्या. एकीला कुणी टोचून बोललं, की दुसरी त्या घरच्या चोळ्या आठवडाभर शिवायला घ्यायची नाही. हसता काय? शिंपिणीचं हत्यार तेच!

दोघींचं ठरलेलं — जिच्या घरी आधी पाळणा हलेल, तिथं पाळण्यापलीकडं दुसरीनं उभं राहायचं. बारशाला बाळ पाळण्याखालून देतात, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत. एकीनं द्यायचं, पलीकडून दुसरीनं घ्यायचं. एकटीचं ते कामच नाही.

दहाव्या वर्षी सगुणाला दिवस गेले. आता धावत जावं की नाही शेजारी? नाही गेली! मनात म्हणाली, 'तिच्या जिवाला लागेल.' आज सांगू, उद्या सांगू — पाचवा महिना लागला. शेवटी द्वारकेला कळलं, ते बांगड्या भरायला आलेल्या कासारणीकडून. सगुणाला वाटलं, बरं झालं, आपल्याला सांगावं लागलं नाही.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. थोरली जाऊ कुंकवाचा करंडा घेऊन बोलावणं करायला निघाली, तर सगुणा हळूच म्हणते, "जाऊबाई, द्वारकीकडं नका जाऊ. बिचारी उगाच रडंल." बोलावणं आळीभर फिरलं. द्वारकेच्या उंबऱ्यापुढून पावलं वाजत गेली. आणि ती? ती सकाळपासून हिरवं लुगडं नेसून तयार बसली होती, मंडळी.

पाळणा बांधला. सासू इकडंतिकडं बघून म्हणाली, "द्वारका कुठाय गं? पलीकडं तीच उभी राहायची होती न्हवं?"

सगुणानं मान खाली घातली. "तिला बरं नाही."

लेक मांडीवर असताना खोटं बोलली! मग कुणीतरी दुसरी उभी राहिली, बाळ इकडून तिकडं गेलं. भिंत ती केवढी? पलीकडं शब्दन् शब्द ऐकू जात होता.

सव्वा महिना झाला. सगुणाला राहवेना. लेकीला घेऊन शेजारी गेली. द्वारका उठली, चटई अंथरली. "या, बसा," म्हणाली. कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. सगुणाला हुंदका आवरेना.

"अगं, तुला त्रास नको म्हणून मी..."

"त्रास झालाच असता," द्वारका म्हणाली. "रडले असते की. रडत रडतच तुझ्या लेकीला पलीकडून घेतलं असतं. ते रडू माझं होतं, सगुणा. तू तेबी मला दिलं नाहीस."

"मग आता घे तिला."

द्वारकेनं मुलीला घेतलं. टाळूवरनं हात फिरवला आणि परत आईच्या मांडीवर ठेवलं. निघताना दारापर्यंत सोडायला आली. भिंतीला भिंत असलेल्या शेजारणीला कुणी दारापर्यंत सोडायला येतं का, मंडळी? सगुणाला तिथं कळलं, या घरात आपण आता पाहुणी झालो. पुढं तिची लेक मोठी झाली, सासरी गेली, पण पाहुणेपण काही सुटलं नाही.

वैऱ्यानं दुखावलं तर माणूस मैत्रिणीला जाऊन सांगतो. मैत्रिणीनंच कीव केली, तर कुणाला सांगायचं?

आता माझ्याकडं नका बघू, जरा मागं बघा. लेकुरवाळ्या सगळ्या पुढं, एकमेकींच्या पोरांच्या शाळा नि खोकले बोलत बसल्यात. आणि मागं खांबापाशी एकेकट्या कोण बसल्यात? 'तिला कशाला पोरांच्या गर्दीत त्रास' — असं तुम्हीच ठरवलंत ना? तिला विचारलंत? टाळकरी, थांबा. नाम घ्यायचंच आहे, पण आधी या पुढच्या बायका सरकू देत. सरका, ताई, जागा करा. आणि हात धरून ओढू नका तिला. जवळ जाऊन नुसतं विचारा, 'येतेस का गं?'