विद्यापीठातला न्हावी

सकाळीच गावच्या न्हाव्याकडून दाढी करून घेतलेले पंजाबराव रिसोडच्या एस.टी. स्टँडवर हनुवटी कुरवाळत बसले होते. मागच्या बाकावर एक म्हातारा आणि कानावर केस वाढवलेला त्याचा पोरगा बोलत होते.

"बाबा, मी नाही जात त्या धर्माच्या विद्यापीठात."

"काहून रे जगदेव? पाली शिकाले नंबर लागला ना तुहा?"

"लागला. पन तिथं पांढरेच कपडे पाह्यजे. बेलबॉटम चालत नाही."

"मंग? तुह्या मायनं दोन जोड शिवून ठेवले."

"अन् केस बारीक लागतात. हप्त्याले न्हावी येते, सगळ्याइले ओळीनं बसवते."

"सगळ्याइले म्हंजे?"

"बामनाचा असो, पाटलाचा असो. सगळ्याइले."

"अन् तुले?"

"मले बी. चुकवलं तं वर्गात घेत नाहीत."

"एकाच खुर्चीवर?"

"हो ना बाबा! जबरदस्ती हाये नुसती."

"अरे, आपल्या गावचा न्हावी अजून मले हात लावत नाही. लहानपनी तुहे केस मीच कापो. एकडाव वस्तरा सटकला, कानामागं वण राह्यला तुह्या."

"तो दिसू नाही म्हून तं केस वाढवले म्या."

पंजाबरावांचा हनुवटीवरचा हात थांबला.

"दिसू दे. त्या न्हाव्यानं इचारलं तं सांग, बापाच्या हातचा हाये. अन् त्याले माहा जय भीम सांगजो. चाल, पेटी उचल, गाडी लागली."